सागवानी टेबलाला उन्हाळ्यात तडा का गेला, आणि आता काय करायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं. पाटण तालुक्यातलं गावाकडचं जुनं घर गेल्या सप्टेंबरात उतरवलं. त्यातल्या सागवानी तुळया सॉ मिलमध्ये चिरून इंचाच्या फळ्या केल्या, साताऱ्याच्या फ्लॅटवर आणल्या आणि दिवाळीच्या सुट्टीत रंधा-पटाशी घेऊन मुलीसाठी अभ्यासाचं टेबल केलं. दोन फळ्या जोडून १८ इंच रुंद टॉप, खाली चौकट, एका बाजूला ड्रॉवर. टॉप चौकटीला चारही बाजूंनी फेव्हिकॉल लावून वर स्क्रूही मारले. होळीपर्यंत सगळं ठीक होतं. एप्रिलच्या शेवटी एका दुपारी ‘टक्’ असा आवाज आला आणि टॉपला एका टोकाकडून हातभर तडा गेला. मिस्त्री म्हणाले लाकूड ओलं होतं. सॉ मिलवाला म्हणाला, शंभर वर्षांचं लाकूड ओलं कसं असेल? आता तुम्ही विचारताय की भेग भुसा-फेव्हिकॉलनं भरू का, मॉइश्चर मीटर घेऊ का, की सरळ इलेक्ट्रिक रंधा घेऊन नवा टॉप करू.

भेग आज भरू नका, एवढं आधी सांगतो. बाकीचं सावकाश.

मी पेशानं सुतार नाही. सांगलीत बँकेत नोकरी केली आणि शेजारच्या मिस्त्रींच्या हाताखाली रविवारी रविवारी हे काम शिकलो, त्याला आता पंचवीसएक वर्षं झाली. तुमच्यासारखीच चूक मी चौरंगावर केली होती, ती पुढे येईलच. त्यामुळे हे उत्तर पुस्तकातून कमी आणि फुटलेल्या फळ्यांतून जास्त आलेलं आहे.

मिस्त्री आणि सॉ मिलवाला दोघंही अर्धे बरोबर आहेत. शंभर वर्षं छपराखाली राहिलेली तुळई हिरव्या लाकडासारखी ओली नसते, हे खरं. पण ती कोरडीठाकही नसते. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि हे ते कायम करत राहतं, शंभर वर्षांनीसुद्धा. ‘जुनं लाकूड मुरलेलं असतं, आता ते हलणार नाही’ हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की एके काळी मीही ते पुढे सांगत होतो. जुन्या लाकडातले ताण पुष्कळसे निवलेले असतात, ते थोडं कमी वेडंवाकडं होतं, हे मान्य. पण हवा बदलली की ते फुगणार आणि आकसणारच.

तुमच्या बाबतीत हवा दोनदा बदलली. पाटणचा पट्टा म्हणजे कोयनेच्या पावसाचा. तिथं पावसाळा संपता संपता घर उतरवलं, म्हणजे तुळया वर्षातल्या सगळ्यात दमट अवस्थेत होत्या. तिथून त्या साताऱ्यात आल्या. साताऱ्यात जुलैमध्ये यवतेश्वरावरून ढग उतरले की गाद्यासुद्धा सर्द होतात, पण मार्च-एप्रिलची हवा बघा: ओठ फुटतात, दाराच्या फटीतून उजेड दिसायला लागतो. त्यातून तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, पश्चिमेची खिडकी आणि वर दिवसभर फिरणारा पंखा. लाकडानं डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत ओलावा सोडला आणि ते आकसलं. त्यात त्याचं काही चुकलं नाही. आकसायला जागाच नव्हती म्हणून ते फाटलं.

हे आकसणं कसं होतं ते एकदा डोळ्यांसमोर आलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. कडब्याची पेंढी डोळ्यांसमोर आणा. पावसात भिजली की घेरानं फुगते, पण लांबीला वाढत नाही. लाकूड म्हणजे अशाच बारीक नळ्यांची मोळी. नळ्यांच्या भिंती पाणी पितात आणि जाड होतात, म्हणून फळी रुंदीत आणि जाडीत बदलते. लांबीतला बदल इतका किरकोळ असतो की आपल्या कामात तो शून्य धरला तरी चालतो.

रुंदीतही दोन प्रकार आहेत. फळीचं टोक बघा, तिथं वर्षाची वर्तुळं दिसतील. ती वर्तुळं फळीच्या रुंदीला साधारण समांतर, आडवी पसरलेली असतील तर ती फळी जास्त हलते. वर्तुळं उभी, म्हणजे जाडीच्या दिशेनं असतील तर जवळपास निम्मं हलते. साग मुळात शहाणा आहे, बऱ्याच लाकडांपेक्षा कमी हलतो. तरी आडव्या वर्तुळाच्या सागाचं गणित असं: लाकडातला ओलावा एका टक्क्यानं बदलला की रुंदी साधारण ०.१९ टक्क्यानं बदलते. उभ्या वर्तुळाला हाच आकडा ०.१० च्या आसपास. तुमचा टॉप १८ इंच, म्हणजे ४५७ मिलिमीटर. दमट दिवसांपासून एप्रिलपर्यंत ओलावा ६ टक्क्यांनी उतरला असं धरलं, आणि आपल्या भागात तो सहज उतरतो, तर ४५७ मिलिमीटरमध्ये साधारण ५ मिलिमीटरचा फरक पडतो.

आता तुमची चौकट बघा. तिच्या आखूड बाजूच्या पट्ट्यांची लांबी टॉपच्या रुंदीला समांतर आहे. त्या पट्ट्या लांबीत आकसत नाहीत. टॉप ५ मिलिमीटरनं लहान व्हायला निघाला आणि फेव्हिकॉलनं त्याला न आकसणाऱ्या पट्टीला चिकटवून ठेवलं. कुणीतरी सुटायला हवं होतं. फेव्हिकॉल सुटला नाही, स्क्रू सुटले नाहीत, म्हणून लाकूड सुटलं. तडा टोकाकडून गेला तोही याच कारणानं, कारण टोकाकडून ओलावा सगळ्यात लवकर उडतो आणि आखूड पट्टी तिथंच बसलेली असते.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. मी केलेला पहिला मोठा चौरंग गणपतीसाठी होता. ऐन मे महिन्यात केला. दोन्ही टोकांना आडव्या पट्ट्या जीभ-खाच करून बसवल्या आणि अख्ख्या लांबीत फेव्हिकॉल भरला, कारण ‘मजबूत’ हवा होता. गणपतीत चौरंगाचा मधला भाग फुगून टोकाच्या पट्ट्यांच्या बाहेर आला, बोटाला कड लागायची. पुढच्या एप्रिलमध्ये बरोबर मधोमध चिरला. माझे मिस्त्री बघून हसले नाहीत, घरात जाऊन त्यांच्या आजीचा जुना पाट घेऊन आले आणि उलटा करून दाखवला. खालच्या दोन आडव्या पट्ट्या फक्त खिळ्यांवर होत्या, आणि खिळ्यांभोवतीची भोकं वर्षानुवर्षांच्या हालचालीनं लांबट झाली होती. लोखंडी खिळा थोडा वाकतो, थोडा सरकू देतो. मी जिथं मजबुती केली होती तिथं जुन्या लोकांनी मोकळीक ठेवली होती.

तुमच्या पाटणच्या घराचं एखादं दार उरलं असेल तर तेही बघा. चौकटीत बसवलेले दिल्हे, म्हणजे दाराच्या मधल्या फळ्या, खाचेत नुसते सरकवलेले असतात, चिकटवलेले नसतात. दिल्हा पावसात फुगून खाचेत आत जातो, उन्हाळ्यात थोडा बाहेर येतो. म्हणून जुन्या दारांवर उन्हाळ्यात दिल्ह्याच्या कडेला रंग न लागलेली बारीक रेघ दिसते.

आता दुरुस्ती. आज भेग भरू नका म्हणालो, कारण भेग आत्ता सगळ्यात मोठी आहे. तिच्यात घट्ट लगदा भरला की ऑगस्टमध्ये टॉप फुगायला निघेल, भेग मिटायला जागा नसेल आणि दाब कुठंतरी दुसरीकडं निघेल. कधी शेजारीच नवी चीर पडते, कधी चौकटीचा सांधा उघडतो.

टॉप चौकटीपासून सोडवावा लागेल. स्क्रू आधी काढा. फेव्हिकॉलचा सांधा सोडवायला वेळ लागतो. ओलं फडकं सांध्यावर ठेवून वरून गरम इस्त्री फिरवा, मग पुट्टीची पातळ पट्टी हळूहळू आत सारा. साधा पांढरा फेव्हिकॉल उष्णतेनं आणि ओलाव्यानं नरम पडतो. पाण्याला दाद न देणारा प्रकार वापरला असेल तर तो असा ऐकणार नाही. मग बारीक दातांची करवत सांध्यातून चालवा, एक-दोन मिलिमीटर गेले तरी हरकत नाही. जोर लावून उचकटू नका, चौकटीचे सांधे हलतील.

टॉप सुटला की तो लगेच हातात घ्यायचा नाही. ज्या खोलीत टेबल राहणार आहे त्याच खोलीत, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असा भिंतीला टेकवून आठ-दहा दिवस ठेवा. उन्हात मात्र नको. हे का म्हणतो ते सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्याकडं सांगलीत आयर्विन पुलाखाली कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. पाणी ओसरल्यावर गल्लोगल्ली फर्निचर रस्त्यावर आलं. हलक्या प्रतीच्या प्लायची कपाटं तर फुगून पुस्तकासारखी उघडलेली होती, त्यांचं काही होण्यासारखं नव्हतं. पण जुनी सागवानी कपाटं आणि पलंग बरेचसे वाचण्यासारखे होते, आणि त्यांतले कितीतरी नंतरच्या उन्हानं गेले. ज्यांनी घाईनं कडक उन्हात वाळवले त्यांचे पाट-फळ्या पिळवटल्या, चिरल्या. ज्यांनी सावलीत, खाली चार विटा ठेवून, दोन-तीन महिने वाट बघितली त्यांचे सांधे थोडे ढिले झाले, एवढंच. लाकूड भिजून कमी मरतं, एकदम वाळून जास्त.

आठ-दहा दिवसांनी भेग बघा. हातभरच असेल तरी ती शेवटपर्यंत चिरून टॉपचे दोन तुकडे करावेत, असं माझं मत आहे. छातीत धस्स होतं, पण हाच स्वच्छ मार्ग. भेगेच्या रेषेवरून करवत चालवा, मग दोन्ही कडांना रंधा मारून पुन्हा जोडा. फळी-फळीचा कडेचा जोड फेव्हिकॉलनं बिनधास्त करता येतो, कारण दोन्हीकडची मोळी एकाच दिशेची असते आणि दोघी एकत्रच हलतात. रुंदीत चार-पाच मिलिमीटर जातील, ते टेबलाच्या बाहेर आलेल्या कडेतून जाऊ द्या.

कडा सरळ करायची एक युक्ती. दोन्ही तुकडे जोडाच्या ठिकाणी पुस्तकासारखे मिटून, म्हणजे चांगल्या बाजू बाहेर किंवा दोन्ही आत ठेवून, शिकंज्यात एकत्र धरा आणि दोन्ही कडांवर एकाच वेळी रंधा मारा. रंधा जरा तिरपा चालला तरी एका फळीवर जो कोन जास्त होतो तोच दुसरीवर कमी होतो, आणि उघडून जोडल्यावर दोन्ही मिळून सपाट बसतात. मग कडेवर कड ठेवून मागून बॅटरीचा उजेड टाका. मधे केसाएवढा उजेड दिसला तर मला चालतो, टोकांना दिसला तर चालत नाही. कारण टोकं आधी वाळतात आणि आधी उघडतात.

तुकडे करायचं धाडस होत नसेल तर दुसरा मार्ग आहे: भेगेवर आडवी, डमरूच्या आकाराची लाकडी चावी खाच पाडून बसवणं. ती भेगेला पुढं जाऊ देत नाही आणि दिसतेही छान. पण टॉप आधी मोकळा केलेला असेल तरच. बांधलेल्या टॉपवर डमरू बसवला तर तडा डमरूला वळसा घालून जाईल.

सगळ्यात महत्त्वाचं काम यानंतरचं, टॉप परत बसवण्याचं. इथं फेव्हिकॉलचा एक थेंबही नको. मी लाकडी गुटके वापरतो. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा गुटका, त्याच्या एका टोकाला जीभ. चौकटीच्या पट्ट्यांच्या आतल्या अंगाला, वरच्या कडेपासून अर्धा इंच खाली, एक सलग खाच पाडायची. जीभ खाचेत, आणि गुटक्यातून स्क्रू वर टॉपमध्ये. गुटका टॉपला खाली ओढून धरतो, पण टॉप हलला की जीभ खाचेत सरकते. जिभेची जाडी अशी ठेवा की गुटका आणि टॉप यांच्यात कागद जाईल न जाईल एवढी फट स्क्रू कसण्याआधी दिसेल. तीच फट कसल्यावर ओढ देते.

इथं महिना महत्त्वाचा. तुम्ही हे आत्ता मेमध्ये करताय, म्हणजे टॉप वर्षातल्या सगळ्यात लहान मापावर आहे. पुढच्या तीन महिन्यांत तो दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिलिमीटर बाहेर जाईल. म्हणून लांब पट्ट्यांवरचे गुटके बसवताना गुटक्याचा खांदा (जीभ जिथून निघते ती कड) आणि पट्टी यांच्यात ३ ते ४ मिलिमीटर मोकळे सोडा, आणि खाच जिभेच्या पुढंही तेवढी खोल ठेवा. ऑगस्टमध्ये बसवत असता तर उलटं: खांदा जवळजवळ टेकवायचा, पण जीभ खाचेत भरपूर आत हवी, कारण उन्हाळ्यात ती मागं येणार. आखूड पट्ट्यांवरचे गुटके खाचेतून कडेकडेनं सरकतात, तिथं ही भानगड नाही. टॉप एकाच बाजूला सरकू नये म्हणून दोन्ही आखूड पट्ट्यांच्या बरोबर मध्यावर एक-एक स्क्रू साध्या गोल भोकातून घट्ट मारायचा. मग टॉप मध्यापासून दोन्हीकडं सारखा हलतो.

गुटके करायचा कंटाळा आला तर लांबट भोकांवरही काम भागतं. चौकटीच्या आत एक आडवी पट्टी लावा, तिच्यात ४-५ मिलिमीटरची दोन भोकं शेजारी शेजारी पाडा आणि मधलं लाकूड गोल कानशीनं काढा. भोकाची लांबी टॉपच्या रुंदीच्या दिशेनं हवी. हे उलटं करून ठेवलेलं मी पाहिलंय, अगदी विकत घेतलेल्या महागड्या टेबलावर. स्क्रूखाली वॉशर घाला, कसून झाल्यावर पाव फेरा मागं घ्या.

ड्रॉवरबद्दल तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय की तो करताना थोडा सैल वाटला आणि पावसाळ्यात अडकेल अशी भीती आहे. अडकेल, पण रुंदीला नाही. ड्रॉवरची पुढची फळी आडवी, तिची लांबी बदलणार नाही. बदलते ती उंची. पाच इंच उंच बाजू असेल तर मेपासून ऑगस्टपर्यंत ती सव्वा ते दीड मिलिमीटर वाढते. तुम्ही दिवाळीत केलात, म्हणजे मधल्या मापावर. वर आत्ता, मेमध्ये, दोन मिलिमीटर फट दिसत असेल तर काही करू नका. कमी असेल तरीही आत्ता काही करू नका. जुलैच्या शेवटी घट्ट होईल तेव्हा वरच्या आणि खालच्या कडेला मेणबत्ती किंवा धुण्याचा साबण घासा. तरीही अडकला तर कुठं घासतंय ते बघा, तिथं चकाकी येते. फक्त तिथं रंध्याचा एखाद-दुसरा पापुद्रा काढा आणि सरकायला लागला की थांबा. चूक होते ती रागानं. लोक पावसाळ्यात दार नाहीतर ड्रॉवर अडकला की बोटभर तासून टाकतात आणि मार्चमध्ये त्या फटीतून पाल आत येते.

मॉइश्चर मीटर वाईट वस्तू नाही, पण या टप्प्यावर त्याची गरज नाही. साध्या मीटरच्या दोन सुया लाकडाच्या वरच्या थरातला ओलावा सांगतात आणि जातीनुसार आकडा बदलतो. खरा आकडा हवाच असेल तर स्वयंपाकघरात मिळतो. फळीच्या मधल्या भागातून एक छोटा तुकडा कापा, टोकाचा नको. ग्रॅमवाल्या काट्यावर वजन करा. मग ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर ठेवून दर तासा-दोन तासांनी वजन बघा, उतरायचं थांबलं की तो पूर्ण कोरडा. समजा ६० ग्रॅमचा तुकडा ५३ वर थांबला, तर ७ ला ५३ नं भागायचं: १३ टक्के ओलावा. घरच्यांना आधी सांगून ठेवा, वास येतो.

पण मीटरपेक्षा मला जास्त उपयोगी पडलेली गोष्ट फुकटची आहे. तुमच्याच फळीचं उरलेलं टोक घ्या आणि त्यातून रुंदीच्या दिशेनं एक पट्टी कापा, बारा इंच रुंदीची, बोटभर जाड असली तरी पुरे. एवढी रुंद फळी नसेल तर दोन तुकडे कडेला जोडा. ही झाली साक्षीदार पट्टी. ती दोऱ्यानं खोलीत टांगा आणि शेजारी एक साधी लांब काठी ठेवा, जिच्या नळ्या लांबीत आहेत, म्हणजे ती बदलणार नाही. दर महिन्याला पट्टी काठीवर ठेवून तिचं टोक जिथं येतं तिथं धारदार पेन्सिलनं रेघ मारा आणि तारीख लिहा. माझ्या खोलीत अशी पट्टी अकरा वर्षं टांगलेली आहे. सगळ्यात आखूड ती एप्रिलच्या शेवटापासून वळवाच्या पावसापर्यंत असते, सगळ्यात लांब ऑगस्टच्या उत्तरार्धात, आणि दोन रेघांमध्ये ३ मिलिमीटर. सांगलीत साताऱ्याएवढा पाऊस नाही, तुमच्याकडं फरक थोडा जास्त येईल. तुमचं घर, तुमची खिडकी, तुमचा पंखा यांचा आकडा मी इथून सांगू शकत नाही, पट्टी सांगेल. नवीन काही करायला घेतलं की मी आधी काठीकडं बघतो: आज लाकूड वर्षातल्या कुठल्या जागी आहे, आणि इथून ते कुठल्या दिशेला जाणार.

इलेक्ट्रिक रंधा तुमच्या अडचणीवर औषध नाही. तडा गेला तो जोडणीमुळं, रंधा हातानं मारल्यामुळं नव्हे. फ्लॅटमध्ये त्याचा आवाज आणि धूळ यांनी शेजारी दोन दिवसांत दार वाजवतील, ही वेगळी गोष्ट. तुम्ही लिहिलंय की रंधा मारताना फळीला ओरखडे येतात, जागोजागी उचकटतं. ते मात्र धारेचं लक्षण आहे. सागात वाळूसारखा सिलिका असतो, तो पातं पटकन बोथट करतो. त्यातून जुन्या तुळईत शंभर वर्षांची धूळ आणि मोडलेले खिळे. चिरण्याआधी आणि रंधा मारण्याआधी प्रत्येक फळीवरून जाड लोहचुंबक फिरवा. मी सागावर पंधरा-वीस मिनिटं काम झालं की पातं सहाणेवर घेतो, बोथट झालंय असं वाटायची वाट बघत नाही.

धारेवरून मिरजेची आठवण झाली. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची, आणि ती सुरू करणारे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. लढाया संपल्या, तलवारींना धार कोण लावणार, तेव्हा त्याच हातांनी लाकूड धरलं. मी पहिल्यांदा सतारमेकर गल्लीत गेलो तो लाकूड बघायला. पंढरपूरकडचे मोठे भोपळे टांगलेले आणि तुणीच्या लाकडाच्या फळ्या भिंतीला लावून ठेवलेल्या. एका कारागिराला विचारलं, ह्या कधीच्या? म्हणाले, ‘ह्या अजून घरच्या झाल्या नाहीत.’ लाकूड नुसतं वाळून भागत नाही, ज्या हवेत ते राहणार त्या हवेचं व्हावं लागतं, हे मी तिथं शिकलो. तुमच्या फळ्या पाटणच्या होत्या, आणि साताऱ्याच्या व्हायच्या आधीच त्यांचं टेबल झालं.

उरलेल्या फळ्यांसाठी हेच करा. घरात, जमिनीपासून वर, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये एकसारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचा. पट्ट्या एकाखाली एक, सरळ रेषेत, नाहीतर फळ्यांना बाक येतो. वरती काही वजन ठेवा. टोकांना मेण किंवा उरलेला ऑइलपेंट फासा, म्हणजे टोकं आधी वाळून चिरत नाहीत. किती दिवस ठेवायच्या हे जाडीवर आणि खोलीवर अवलंबून. इंचाच्या फळीला मी निदान दोन महिने देतो, पण खरं उत्तर साक्षीदार पट्टीकडून घ्या.

पॉलिशबद्दल थोडक्यात. चपडा लाख, तेल, मेलामाइन, काहीही लावा, ओलाव्याचा वेग कमी होतो, येणं-जाणं बंद होत नाही. टॉपच्या वरच्या बाजूला तीन हात आणि खालून कोरडं असं मात्र करू नका, एक बाजू लवकर ओलावा घेईल आणि फळी पन्हळीसारखी वाकेल. तेल म्हणजे जवसाचं, दुकानात बेलतेल म्हणून मिळतं. त्यात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

टॉप सुटल्यावर खालच्या बाजूचा आणि दोन्ही टोकांचा फोटो टाका. वर्तुळं कशी आहेत ते दिसलं तर खांद्यापाशी किती मिलिमीटर सोडायचे ते जास्त नेमकं सांगता येईल. दोन्ही फळ्यांची वर्तुळं उभी निघाली तर निम्म्यात भागेल. आणि फोटो काढताना फळ्यांवर आज सकाळचं माप पेन्सिलनं लिहून ठेवा, ऑगस्टमध्ये पुन्हा मोजायला उपयोगी पडेल.